चटईखालची जागा

रकाना १. रुग्णाचे नाव, वय, गाव.
लोसा इओसेफो. ४९. वाइलेफू.

एवढं लिहून नर्स वाइओलाने पेन टेबलावर आपटलं. समोर बसलेली बाई तिची सख्खी थोरली बहीण होती. लहानपणी हिच्या पाठीवर बसून ती नदी ओलांडायची, हिच्याच केसांना घट्ट धरून.

"माझं नातं कुठे लिहिणार?" लोसाने फॉर्म उलटा असूनही वाचत विचारलं.

"नात्याला रकाना नाही."

"बघ. आणि म्हणे आम्ही घागरवाले माणुसकी सोडलेले."

बाहेर व्हरांड्यात आठ-दहा बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकही बाई बोलत नव्हती. सगळ्यांचे कान आत होते.

रकाना २. नाकारलेला उपचार.
इन्सुलिन. सकाळी आठ, संध्याकाळी सहा.

"ताई, सहा महिने तू मला बोट टोचू दिलं नाहीस. तुझी साखर काय झाली असेल माहीत आहे का तुला?"

"तू सांगतेस ना दर वेळी. किंमत सांगितल्यासारखी."

"अशीच सुईविना राहिलीस तर पाय जाईल नाहीतर डोळे जातील. मग ब्रदर एसेरा येणार आहे तुला धरून न्यायला?"

"त्याचं नाव घे, पण थुंकल्यासारखं घेऊ नकोस," लोसा म्हणाली. शांतपणे म्हणाली, म्हणून वाइओलाचं डोकं जास्तच फिरलं.

ब्रदर एसेरा दोन वर्षांपूर्वी ऑकलंडहून परत आला. तिथे तो मांसाच्या कारखान्यात कामाला होता; गार खोलीत, गोठलेल्या बोकडांच्या रांगेत त्याला देव भेटला असं तो सांगायचा. काना गावच्या लग्नात येशूने सहा घागरींतल्या पाण्याचा द्राक्षारस केला हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. एसेराचं म्हणणं, तिथे सातवीही घागर होती. रिकामी. ती कोणी भरली नाही, ती आपल्यासाठी ठेवली आहे. झालं. फिजीहून मातीच्या घागरी आल्या. शनिवारी पहाटे त्यांच्याभोवती बसून प्रार्थना, वाटीभर पाणी, आणि मग सोडायच्या गोष्टींची यादी: तंबाखू, बीअर, डब्यातलं खारं मांस. या तिन्हींबद्दल वाइओलाने त्या माणसाचा जाहीर सत्कार केला असता. चौथी गोष्ट औषध होती.

रकाना ३. नकाराचे कारण (एकाच चौकटीत खूण करा).
☐ भीती ☐ अंतर ☐ कुटुंबाचा विरोध ☑ धार्मिक श्रद्धा ☐ इतर

खूण लोसाने स्वतः केली. पेन इतकं दाबून, की खालच्या कोऱ्या फॉर्मवरही ती उमटली.

"तू माझ्यासारखी नाहीस, वायो," ती उठताना म्हणाली. "तुला कोणी सांगितल्याशिवाय काही खरं वाटत नाही. आधी मास्तर, मग डॉक्टर, आता मंत्रालय. मला एकदा तरी स्वतःहून काहीतरी खरं वाटलं. ते मी सोडणार नाही."

"मर मग."

हे वाइओला बोलली. व्हरांड्यातल्या बायकांनी ऐकलं. फॉर्मवर त्यालाही रकाना नव्हता.

रकाना ४. वरिष्ठांना कळवले का?
होय. दूरध्वनीने.

"सिस्टर, शुद्धीत आहेत का त्या?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."

"सज्ञान आहेत?"

"एकोणपन्नास वर्षांच्या आहेत."

"मग प्रश्नच मिटला." राजधानीतल्या, आपियातल्या कार्यालयातला साहेब चहा पीत असावा, कपाचा आवाज आला. "श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे. घटनेत आहे. आपण जबरदस्ती करू शकत नाही."

"जबरदस्ती कोण म्हणतंय? त्या एसेराला विचारा तरी. एक माणूस पाठवा. गावोगाव लोकांची औषधं बंद करत फिरतोय तो."

"सरकार एखाद्या पंथाच्या मागे लागलं असं दिसायला नको. उद्या पेपरात येईल."

"आणि माझी बहीण परवाच्या पेपरात येईल. चौकटीत, फोटोसकट."

"सिस्टर, भावना समजतात. फॉर्म नीट भरून ठेवा. तो महत्त्वाचा. उद्या काही झालं तर आपल्यावर यायला नको."

आपल्यावर. फोन ठेवल्यावरही वाइओला कितीतरी वेळ तो शब्द चावत बसली. बेटाच्या या टोकाला सरकार म्हणजे कोण? एक पोलीस सार्जंट, एक शाळा आणि पांढऱ्या गणवेशातली ती. आपल्यावर यायचं म्हणजे तिच्यावरच यायचं, आणि ते तर जन्मापासूनच तिच्यावर आलेलं होतं.

रकाना ५. कुटुंबीयांना कळवले का? कोणाला?
होय. मामांना.

इथून पुढे तिची चूक सुरू होते. ती तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायला हवी, म्हणून हा रकाना जरा मोठा.

मामा म्हणजे तालाइगा. ते कुळाच्या पदवीचं नाव. गावसभेत बसणारे सगळे मताई, म्हणजे कुळप्रमुख, असे पदवीच्या नावानेच ओळखले जातात. मामा भिंती नसलेल्या घरात खांबाला पाठ टेकून बसले होते आणि साखर घातलेला गरम कोको पीत होते. तिला पाहताच त्यांनी कप मागे सरकवला.

"दिसला मला," वाइओला म्हणाली.

"पाहुण्यांचा आहे."

"कुठे आहेत पाहुणे?"

"येतील." मामांनी विषय बदलला. "एवढं तोंड पाडून का आलीस?"

तिने सांगितलं. मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"हात्तिच्या! एवढंच? सरकारचा दम चालत नसेल, गावाचा चालतो. सोमवारी सभेपुढे ठेवतो. दोन डुकरं दंड बसला की तुझी बहीण सुईच काय, खिळासुद्धा टोचून घेईल."

"मामा, फक्त दटावा. औषध घे म्हणावं, एवढंच. बाकी तिला काय मानायचं ते मानू दे."

"तू मला सभा शिकवणार?"

"नाही."

"मग जा. येताना माझ्या गोळ्या आण. संपून पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस. आणि हे सभेत बसून दुसऱ्याच्या औषधाचा न्याय करणार. सभेतल्या अकरा मताईंपैकी सातांची साखर वाइओलाच्या वहीत होती. त्यांतले पाच गोळ्या घेत नव्हते: कोणी विसरायचा, कोणाला त्या कडू लागायच्या, एकजण आपल्या डुकराला घालायचा, बघू तर काय होतं म्हणून. त्यांच्या नकाराला घागर नव्हती, प्रार्थना नव्हती. नुसता आळस होता, म्हणून तो कोणालाच खुपत नव्हता.

सोमवारी सभा भरली. पदवी नसलेल्या बाईला तिथे बोलता येत नाही. वाइओला शेजारच्या स्वयंपाकाच्या खोपटात तारोचे कंद सोलायला मदत करत बसली आणि ऐकत राहिली. गावाचा वक्ता काठीवर रेलून उभा राहिला. अर्धा तास तो पूर्वज, समुद्र आणि वंशावळीत फिरून आला आणि मग म्हणाला:

"या गावात दोन घंटा आहेत."

खरं तर एक घंटा आणि एक टांगलेलं रिकामं गॅसचं सिलिंडर, पण ते जाऊ द्या.

"एक प्रोटेस्टंटांची, एक कॅथलिकांची. आपल्या आजोबांनी ठरवलं, दोनच. आता तिसरी जागा सुरू झाली. तिला घंटाही नाही. चोरासारखी, पहाटे, घागरीभोवती! गाव फुटतं ते असंच फुटतं."

औषधाचं नावही निघालं नाही. वाइओला तारो तसाच धरून थांबली. मामा आता बोलतील, आता बोलतील. मामा बोलले:

"माझ्या कुळातली बाई आहे. म्हणून शिक्षा हलकी असावी असं मी म्हणणार नाही. उलट जड असावी."

मान मिळाला त्यांना. सगळ्या सभेने माना डोलावल्या. आपल्याच भाचीला जड शिक्षा मागणारा मताई! लोक वर्षानुवर्षं सांगतील.

शिक्षा: दहा डुकरं, डब्यातल्या मासळीची वीस खोकी. घागर फोडावी. रविवारपर्यंत. नाहीतर गावाबाहेर.

लोसाने डुकरं दिली. मासळीची खोकी दिली. वाइओलाच्याच पगारातून गेली ती, लोसाच्या नवऱ्याने मागायला यायची लाज सोडली म्हणून. घागर मात्र तिने दिली नाही.

रकाना ६. नकारानंतर रुग्णाची स्थिती.
(येथे फक्त वैद्यकीय माहिती द्यावी.)

बरं. फक्त वैद्यकीय.

रुग्णाला पुढच्या सोमवारी दुपारी तीन वाजता गावाबाहेर काढण्यात आलं. सकाळपासून गावचे जवान पुरुष घरासमोर उभे होते. त्यांतल्या निम्म्यांना त्यांच्या लहानपणी रुग्णाने परकर शिवून उरलेल्या कापडाच्या चड्ड्या शिवून दिल्या होत्या. त्यांनी मान खाली घालून फणसासारखी फळं देणारी तिची तीन झाडं तोडली. मान खाली घालूनच रॉकेल ओतलं.

सार्जंट रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसला होता. वाइओला आरोग्य केंद्रापासून पळत आली ती थेट त्याच्या खिडकीवर आदळली.

"उतरा! घर जाळताहेत!"

"गावसभेचा ठराव आहे, सिस्टर."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"शांतता राहावी म्हणून."

शांतताच होती. पत्रे तडतडत होते, बाकी कोणी हूं की चूं करत नव्हतं. लोसाचा नवरा इओसेफो रस्त्यात उभा राहून घागर पोटाशी धरून होता. तेवढी एकच वस्तू त्याने बाहेर काढली होती. आणि लोसा ओरडत होती. तिला तीन माणसं धरून होती आणि ती सारखी आगीकडे ओढ घेत होती.

"माझी पेटी! अरे मला पेटी काढू द्या! बर्फाची पेटी!"

"मासळी सडेल म्हणून रडते," कोणीतरी हसलं.

वाइओलालाही तेच वाटलं. घर जळताना हिला बर्फाच्या पेटीचं सुचतं! वाटलं, वेड लागलं हिला, साखर डोक्यात गेली. ती पुढे झाली तशी लोसाने तिच्याकडे पाहिलं. ती नजर शिवी देण्याची नव्हती. शिवीला निदान काही नातं लागतं.

"तू गेली होतीस मामाकडे," लोसा म्हणाली.

विचारलं नव्हतं, म्हणून उत्तरही द्यावं लागलं नाही.

आग विझल्यावर, पत्रे अजून लाल असताना, रुग्ण धरणाऱ्यांच्या हातून निसटली आणि अनवाणी राखेत शिरली. काठीने काहीतरी शोधत होती. डाव्या पायात खिळा घुसला, तळवा भाजला. इओसेफोने तिला पाठीवर घेतलं आणि दोघं डोंगरावरच्या केळीच्या बागेतल्या झोपडीकडे चालू लागली. वाइओला मागे गेली. जखम तरी धुऊ द्या म्हणाली. इओसेफोने मागे न वळता एक दगड उचलला.

वाळीत टाकलेल्यांकडे जाणाऱ्याला गावाचा दंड. वाइओला तरी गेली, तीनदा गेली. तिन्ही वेळा इओसेफो पायवाटेवर बसलेला होता.

"तिची इच्छा नाही तुला भेटायची."

"तिच्या तोंडून ऐकते."

"तुझ्या सरकारला विचार," तो म्हणाला. "माणसाच्या इच्छेबद्दल त्याने काहीतरी लिहून ठेवलंय म्हणे."

बाराव्या दिवशी तो तिला पाठीवर घेऊन खाली उतरला. तिसऱ्या गावच्या ट्रकने मोठ्या इस्पितळात नेलं. डावा पाय गुडघ्याखाली कापला.

स्थिती: स्थिर.

रकाना ७. रुग्णाने अन्यत्र उपचार घेतले का?

या रकान्यात वाइओलाने "नाही" लिहिलं होतं. मग तिने ते खोडलं. मग कागद फाटेपर्यंत पुन्हा पुन्हा खोडलं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात तिला नर्स फेतू भेटली. फेतू फेरीबोटीच्या धक्क्याजवळच्या केंद्रात होती. दोघी एकाच वर्षी शिकलेल्या, एकमेकींच्या टोप्या उसन्या घेणाऱ्या. फेतू रडत होती, आणि फेतू रडणाऱ्यातली नव्हती.

"मी तुला सांगायला हवं होतं गं."

"काय?"

"लोसा दर मंगळवारी यायची माझ्याकडे. कोको विकायला बाजारात जाते म्हणून सांगायची घरी. पाच महिने. एक दिवस चक्कर येऊन पडली तेव्हा घाबरली आणि आली. म्हणाली, देवावर माझा विश्वास आहे, पण मला अजून जगायचंय, दोन्ही एकदम कसं जमतं ते तू विचारू नकोस. इन्सुलिन घेऊन जायची. बर्फाच्या पेटीत ठेवायची, खाली औषध, वर मासळी."

वाइओलाने एवढंच विचारलं:

"इओसेफोला?"

"त्यालाही माहीत नव्हतं. शपथ घातली होती मला. एसेराला कळलं तर मंडळीतून काढतील, आणि वायोला कळलं तर..." फेतू थांबली.

"बोल."

"वायोला कळलं तर ती जिंकल्यासारखी हसेल, म्हणाली. तेवढं मला सोसणार नाही, म्हणाली."

एक मोठा पंखा वर घरघरत होता. वाइओलाला एकदम सगळं लख्ख दिसलं. लोसाने एकटीने तोडगा काढला होता. देवाला दुखवलं नाही, रक्ताला दुखवलं नाही. साहेबाला नाही सुचला, सभेला नाही, वाइओलाला तर नाहीच. मासळीखाली औषध. कोणाच्या बापाचं काही बिघडत नव्हतं. आणि मग वाइओला मदतीला धावली.

"साखर ठीक होती गं तिची," फेतू म्हणाली. "माझ्या वहीत आहे. तुझ्या मामांपेक्षा कितीतरी ठीक."

रकाना ८. शेरा.

इओसेफोच्या अर्जावर कोर्टाने सहा आठवड्यांत निकाल दिला. निकालात धर्मस्वातंत्र्य अकरा वेळा आलं, वाइओलाने मोजलं. कुटुंबाला गावात परत घ्यावं, घर बांधून द्यावं, आग लावणाऱ्या दोघांवर खटला चालवावा. एसेराने उघड्या मैदानात आभाराची प्रार्थना घेतली आणि विजय कोणाचा झाला ते सांगितलं. मंत्रालयातून पत्र आलं, की सदर प्रकरणात नर्सने फॉर्म वेळेवर भरला होता याची नोंद घेण्यात आली आहे.

पाय कोणाच्याच निकालात नव्हता.

फॉर्म इथे संपतो. पुढच्याला रकाना नाही.

शनिवारी, फटफटत असताना, वाइलेफूची सभा इओसेफोच्या गावी आली. लोसा आता तिथे, दिराच्या घरी होती. दोन बस भरून माणसं उतरली आणि एकही शब्द न बोलता घरासमोरच्या गवतावर मांडी घालून बसली. अकरा मताई पुढे, जवान मागे. मताईंनी डोक्यावर गावातली सर्वांत जुनी, रेशमासारखी बारीक विणलेली चटई ओढून घेतली. इफोगा, माफी मागायची जुनी रीत. अपराध करणाऱ्याने असं झाकून बसायचं आणि समोरच्याने ठरवायचं: चटई उचलायची, की सुरा. पूर्वी सुराही चालायचा. आता सार्जंट येतो.

वाइओला तिथे आदल्या दिवसापासून होती. लोसा तिच्याशी बोलत नव्हती, पण हाकलतही नव्हती. औषध वेळेवर दिराची बायको द्यायची, पडद्याआड, एसेराची माणसं आजूबाजूला नाहीत हे बघून.

घर चारी बाजूंनी उघडं. लोसा मधल्या खांबाशी उशीला टेकून बसलेली, कापलेला पाय चादरीखाली, उजव्या हाताशी ती घागर. शेजारी इओसेफो. पलीकडे, शनिवारची प्रार्थना घ्यायला आलेला ब्रदर एसेरा, पांढऱ्या शर्टात.

"खटल्याआधी आलेत," इओसेफो थुंकला. "चटई उचलली की न्यायाधीश शिक्षा कमी करतो. वकिलाने शिकवलंय."

"मग नको उचलू," दीर म्हणाला.

ऊन चढू लागलं. चटईखाली कोणीतरी खोकलं, आणि तो खोकला मामांचा होता हे वाइओलाला कळलं. चाळीस वर्षांच्या ओळखीचा खोकला.

"वायो," इओसेफो म्हणाला, "बहीण आहेस तिची. रक्ताकडून तू बोल. काय करायचं?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती उठली. पायऱ्या उतरून गवतावर आली. चटईसमोर उभी राहिली, गणवेशात, कारण आदल्या दिवशी ड्युटीवरून तशीच आली होती. लोकांना वाटलं, उचलते.

ती वाकली, कड वर केली आणि आत शिरली.

खाली अंधार, घाम, खोबरेल. मामांच्या मांडीला तिची मांडी लागली.

"कोण?"

"मी."

"अगं ए, वेडी झालीस? तू त्या बाजूची."

"मी तुमच्याकडे आले होते, मामा. तेव्हा कोणत्या बाजूची होते?"

"आम्ही तुझंच ऐकलं ना?" मामा कुजबुजत भडकले. "तूच आलीस रडत. आता आम्हालाच—"

"औषध म्हणाले होते मी. एक शब्द होता. तो तुम्हाला सभेत आठवला नाही. पूर्वज सगळे आठवले."

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू!" ती इतक्या जोरात ओरडली, की चटई हलली. मग तिने कड उचलून डोकं बाहेर काढलं. सार्जंट आंब्याच्या सावलीत उभा होता. "सार्जंट! जागा आहे इथे. या."

"मी ड्युटीवर आहे, सिस्टर."

"मीपण ड्युटीवरच होते. या! आणि आपियातल्या त्या साहेबाला फोन लावा, म्हणावं पहिली फेरीबोट पकडून ये. कप घेऊन ये म्हणावं. आणि तो पांढऱ्या शर्टातला वर कसा बसलाय? त्याला कोणी बोलावलं वर? चटई लहान आहे म्हणून सांगू नका, सरकतो आम्ही!"

एसेरा उठला. त्याने दोन्ही हात पसरले, प्रेमळ आवाज काढला. "बहिणी, संतापात सैतान—"

"बस खाली," लोसा म्हणाली.

पहाटेपासून तिने तोंड उघडलं ते आत्ता. एसेरा बसला.

लोसाने घड्याळाकडे पाहिलं. दिराच्या खांबावर कॅलेंडर आणि घड्याळ शेजारी टांगलेली होती. आठला दोन मिनिटं कमी.

"वायो. बाहेर ये."

वाइओला रांगत बाहेर आली. गणवेशाच्या गुडघ्यांना गवताचे हिरवे डाग पडले होते.

"बर्फाची पेटी त्या कोपऱ्यात आहे," लोसा म्हणाली. "आण."

"ताई, इथे? सगळ्यांसमोर?"

"मग कुठे? मासळीखाली?"

वाइओलाने पेटी आणली. बर्फातून शिशी काढली. सुई भरली. एसेरा पुन्हा अर्धा उठला.

"लोसा, घागरीसमोर? विश्वास म्हणजे—"

"आधी तुझे पाय मोज," लोसा म्हणाली. "दोन भरले? मग माझ्या विश्वासाबद्दल बोलू नकोस." तिने घागरीवर हात ठेवला. ती घागर जाळातून आली होती. एका बाजूला काळी पडली होती. "ही माझी आहे. तुझी नाही, सभेची नाही, हिच्या मंत्रालयाचीही नाही. आणि सुईपण माझी आहे. ज्याला पटत नसेल त्याने तिकडे तोंड करावं."

इओसेफोने तोंड फिरवलं नाही. तो रडत होता. पण बघत होता.

वाइओलाने तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, दहापर्यंत मोजलं, काढली. लोसाने वाटीने घागरीतलं पाणी काढलं आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. चटईखाली अकरा मताई आणि मागे गावचे जवान हालचाल न करता ऐकत होते.

"झालं?" लोसाने विचारलं.

"झालं." वाइओला तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काहीतरी येईल, एखादा शब्द, निदान शिवी.

"मग जा परत खाली."

"ताई—"

"दुसरी संध्याकाळी सहाला. तेव्हा बोलावते. तोवर बस."

वाइओला पायऱ्या उतरली. गवत आता तापलं होतं. तिने कड वर केली आणि आत शिरून आपली जागा घेतली.

"काय म्हणाली?" मामांनी विचारलं. "माफ केलं?"

"नाही."

"मग उचलणार कधी?"

"सहाला मला बाहेर बोलावणार आहे. तुमचं काही बोलली नाही."

"सहा?" मामांचा आवाज चिरकला. कपाळावरचा घाम त्यांनी कोपराने पुसला. "अगं, मला आत्ता आठची गोळी असते."

"आणली आहे?"

"नाही."

"सार्जंटला सांगू आणायला? नाहीतर उठून जा. मग इफोगा मोडली असं लिहितील."

मामांनी मान आणखी खाली घातली, आणि चटई दोघांच्याही मानेवर जरा जड झाली.